काळ्या दगडात हरवलेला कोळसा : एका टेक्स्चर पॅकचं प्रकरण

पार्श्वभूमी

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या खोलीत मुलांचा एक संगणक गट संध्याकाळी जमतो. मुलं सातवी ते दहावीची. संगणक देणगीत मिळालेले, जुने. वेगळं ग्राफिक्स कार्ड एकातही नाही, मेमरी जेमतेम चार जीबी. दिवसभर शाळा करून एक सर हा गट चालवतात. चित्रांच्या कामात मी अधूनमधून मदतीला जात होतो, म्हणून हे प्रकरण जवळून पाहता आलं. गावाची, वाचनालयाची आणि मुलांची ओळख मुद्दामच दिलेली नाही.

चौकोनी ब्लॉक रचून जग उभं करायचा माइनक्राफ्ट हा खेळ मुलांना माहीत होताच. पण त्यात प्रत्येकाला विकतचं खातं लागतं, आणि ते परवडणारं नव्हतं. सरांनी त्याच धाटणीचा लुआंटी निवडला. २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत यालाच माइनटेस्ट म्हणत. फुकट, मुक्त स्रोत, जुन्या संगणकावर चालणारा, आणि खोलीतल्या खोलीत सर्व्हर उभा केला की सगळ्यांना एकाच जगात बांधकाम करता येतं. त्यावर माइनटेस्ट गेम हा ब्लॉक आणि वस्तूंचा साधा संच घेतला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बांधायची ठरली ती बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर. या जिल्ह्यात बारवांना तोटा नाही. वालूरची गोल फिरत खाली उतरणारी बारव तर लांबून लोक पाहायला येतात. चौकोनी ब्लॉकमध्ये ती गोलाई बसवणं अवघड, म्हणून मुलांनी आपल्याच शिवारातली चौकोनी बारव धरली. शेजारी गढी, गढीत माळवदाचं, म्हणजे लाकूड-मातीच्या सपाट छताचं घर, बाहेर कापसाचं रान.

बांधकाम छान झालं. पण काही केल्या ते आपल्याकडचं वाटेना. दगड फिकट राखाडी, गवत हिरवंगार, माती चॉकलेटी, झाडाला सफरचंदं. नववीतली एक मुलगी म्हणाली, “सर, हा दगड आपल्यासारखा काळा नाही का करता येत?” येतो, असं कळल्यावर काम सुरू झालं.

काम वरवर सोपं आहे, हे इथे सांगायला हवं. या खेळातल्या प्रत्येक ब्लॉकच्या प्रत्येक बाजूवर एक छोटं चित्र चिकटवलेलं असतं, बहुतेक १६ × १६ पिक्सेलचं. टेक्स्चर पॅक म्हणजे त्याच नावांच्या पीएनजी चित्रांचं एक फोल्डर. पॅकमध्ये त्या नावाचं चित्र सापडलं तर खेळ ते लावतो, नाही तर मूळचं ठेवतो. प्रोग्रॅमिंगची एक ओळ लिहावी लागत नाही. म्हणूनच मुलांना पहिल्या संध्याकाळीच काहीतरी दिसू लागलं, आणि म्हणूनच पहिला पॅक कुणी फारसा विचार न करता पुरा झाला.

अडचण

पहिला पॅक फोटोंवरून केला होता. मोबाइल घेऊन मुलं बारवेवर गेली, दुपारच्या उन्हात भिंतींचे, पायऱ्यांचे, मातीचे फोटो काढले आणि ते चौकोनात कापून ५१२ × ५१२ च्या मापात बसवले. एकेक चित्र उघडून पाहिलं तर देखणं. खेळात लावल्यावर तीन गोष्टी एकदम समोर आल्या.

पहिली गोष्ट वेगाची. १६ × १६ चं चित्र मेमरीत साधारण एक केबी घेतं, ५१२ × ५१२ चं एक एमबी. हजारपटीहून थोडं जास्तच. अशी शेकडो चित्रं, तीही ज्या संगणकात ग्राफिक्सला त्याच चार जीबीतून वाटा काढून द्यावा लागतो तिथे! चालताना खेळ अडखळायला लागला.

दुसरी गोष्ट भिंतीची. फोटोतल्या दगडाच्या वरच्या कोपऱ्यात दगडफुलाचा एक पांढरा डाग होता. एका ब्लॉकवर तो गोड दिसायचा. भिंत उभी राहिली की तोच डाग दर मीटरला, आडवा-उभा, छापील चादरीवरच्या बुट्ट्यांसारखा. फोटोत दुपारची सावलीही आली होती, प्रत्येक दगडाच्या डाव्या कडेला. खेळात रात्र झाली, अंधार झाला, तरी ती उन्हाची सावली जागची हलेना.

तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी, आणि ती कुणाच्या डोक्यातच नव्हती. मुलांनी दगड मनापासून काळा केला होता. आपला सगळा मुलूख बेसॉल्टचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. काळा दगड हीच तर ओळख. पण या खेळात कोळशाच्या दगडाचं वेगळं चित्र नसतं. खाली साध्या दगडाचं चित्र आणि त्यावर कोळशाच्या खड्यांचं पारदर्शक चित्र, असे दोन थर खेळच एकावर एक ठेवतो. लोखंड, तांबं, कथील, सोनं, मेसे हे खेळातलंच काल्पनिक खनिज, हिरा, सगळ्यांचं तसंच. दगडाचं एक चित्र बदललं की सातही खनिजांचं रूप बदलतं. काळ्या दगडावर काळा कोळसा. सातवीतला मुलगा खाणीत उतरला आणि बराच वेळ शोधून म्हणाला, “सर, कोळसाच दिसंना की.” कोळसा नाही म्हणजे मशाल नाही, कारण मशाल कोळसा आणि काडी यांचीच बनते. मशाल नाही म्हणजे खाण अजून काळी. खेळ तिथेच थांबला.

तेव्हा खोलीत दोन तट पडले. काहींचं म्हणणं, दगड फिकट करा, खेळता आलं पाहिजे. बारवेवर जाऊन फोटो काढणाऱ्या मुलांचं म्हणणं, मग ती आपली बारव राहणार नाही, राजस्थानातली होईल. दोघांचंही बरोबर होतं, आणि चांगल्या टेक्स्चर पॅकची सगळी मेख याच भांडणात आहे असं मला वाटतं. पॅकला ज्या जागेचं चित्र काढायचं तिच्याशी इमान राखावं लागतं, आणि खेळणाऱ्याला जे ओळखता यायला हवं ते पटकन ओळखू द्यावं लागतं. या दोन्हींत एकाला दुसऱ्यासाठी सोडलं की पॅक फसतो.

कोणते पर्याय होते

दगडाच्या प्रश्नावर चार वाटा समोर आल्या.

सगळा दगड फिकट करणं सर्वांत सोपं होतं. पाच मिनिटांचं काम. पण मूळ पॅकपेक्षा मग फरक काय उरतो?

दगड काळाच ठेवून कोळसा उजळ करणं, ही दुसरी वाट. सरांनी करून दाखवलं. राखाडी-पांढरट कोळसा दिसायला लागला खरा, पण कथीलही या खेळात फिकटच असतं. आता मुलं कथील खोदून कोळसा मिळेना म्हणून वैतागली.

तिसरी वाट तांत्रिक होती. ओव्हरराइड डॉट टीएक्सटी या फाइलमध्ये एक ओळ लिहून एकच मोठं चित्र अनेक ब्लॉकवर पसरवता येतं, समजा ४ × ४ ब्लॉकवर मिळून एक. भिंतीत तोच तो डाग दिसण्याचा प्रश्न त्याने सुटतो. दहावीतला मुलगा याच्या प्रेमात पडला होता. पण ही ओळ ब्लॉकच्या नावागणिक लिहावी लागते, आणि पायरी हा खेळाच्या हिशेबाने वेगळा ब्लॉक आहे. भिंतीवर पसरलेलं चित्र पायरीशी आलं की तुटतं. गढीला ते चाललं असतं. बारव म्हणजे तर सगळ्या पायऱ्याच. हा पर्याय सोडला, आणि माझ्या मते योग्यच सोडला.

चौथी वाट नववीतल्या त्या मुलीने काढली, तीही पुन्हा बारवेवर जाऊन. या वेळी ती सकाळी, ऊन चढायच्या आत गेली. परत येऊन म्हणाली, आपला दगड सगळीकडे काळा नाहीच. टाकीने घडवून बारवेत बसवलेला, पाण्याजवळचा दगड काळाभोर आहे. पण माळावर उघडा पडलेला, पावसापाण्यात झिजलेला तोच दगड राखाडी-तपकिरी आहे, कुठे कुठे तर तांबूस. म्हणजे जमिनीतला दगड मध्यम रंगाचा आणि बांधकामातला घडीव दगड गडद, असे दोन वेगळे केले तर? खेळातही ते वेगळेच ब्लॉक आहेत: एक साधा दगड, दुसरा घडीव दगडाच्या विटांचा. कोळसा फक्त साध्या दगडावर येतो.

हे पाहणं महत्त्वाचं होतं. “काळा दगड” हे आपण सवयीने म्हणतो, आणि मुलांनी तो आधी तसाच रंगवला. पुन्हा जाऊन नीट पाहिल्यावर जागेशी इमान आणि खेळाची सोय यांतलं भांडण बरंचसं मिटलं.

काय केलं

फोटो चिकटवणं बंद झालं. फोटो फक्त बघायला आणि रंग उचलायला; चित्र १६ × १६ वरच, हाताने, गिंप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये.

त्याआधी एक गोष्ट सरांनी लावून धरली, आणि पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं. पहिल्या पॅकमध्ये प्रत्येक मुलाने आपापले ब्लॉक वाटून घेतले होते. त्यामुळे एकाची माती भडक, दुसऱ्याचं लाकूड फिकट, कुणाच्या चित्रात उजेड डावीकडून तर कुणाच्या उजवीकडून. गढी म्हणजे ठिगळांची गोधडी झाली होती. आता सावलीत काढलेल्या फोटोंतून ३२ रंग ठरवले: दगडाच्या पाच छटा, काळ्या मातीच्या चार, मुरूम, पांढरीची माती, शेणाने सारवलेली जमीन, गेरू, नीळ घातलेला चुना, सुकलेलं गवत, कडुनिंबाची नवी आणि जुनी पालवी. या ३२ च्या बाहेरचा रंग वापरायचा नाही. उजेड सगळीकडे वरून-डावीकडून. आणि प्रत्येक चित्रावर शेवटचा हात एकीचाच फिरेल, त्या नववीतल्या मुलीचा. सुरुवातीला दोघातिघांना हे आवडलं नाही. पण पहिली खोली पुरी झाल्यावर तक्रार कुणी केली नाही.

घडीव दगडाचं चित्र कसं झालं ते जरा सविस्तर सांगतो, कारण पॅकचा सगळा विचार त्या २५६ पिक्सेलमध्ये दिसतो. ब्लॉक एक मीटरचा धरला तर एक पिक्सेल म्हणजे सव्वासहा सेंटिमीटर. बारवेतल्या चिऱ्यांचे सांधे इतके बारीक की त्यांत नख जेमतेम शिरेल. मुलीने आधी सांधा गडद काळ्या रेघेने काढला होता. खेळात तो चार बोटांची भेग दिसायला लागला, बारव पडायला आल्यासारखी. मग सांध्याला शेजारच्या दगडाहून फक्त एक छटा गडद रंग दिला. ब्लॉकच्या चारही कडांना चौकट काढली नाही. चौकट काढली की भिंत वहीच्या चौकटीच्या कागदासारखी होते. आठ-आठ पिक्सेलचे दोन थर, वरच्या थराचा उभा सांधा अगदी डाव्या कडेला, खालच्याचा मध्यावर. त्यामुळे शेजारी ब्लॉक लागला की सांधे खऱ्या बांधकामासारखे एकाआड एक पडतात. टाकीचे घाव पिक्सेलहून लहान, ते काढायचेच नाहीत. त्यांच्या जागी शेजारच्याच छटेचे पाच-सहा विखुरलेले ठिपके. मग गिंपमधल्या ऑफसेटने चित्र अर्ध्याने सरकवलं, म्हणजे कडा मधोमध येतात आणि जोड कुठे दिसतो ते लगेच कळतं. एक ठिपका उजळ राहिला होता, तो तिथे सापडला. काढला.

खनिजांसाठी रंगावर विसंबायचं नाही असं ठरलं. गटातल्या एका मुलाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, हे याच सुमारास लक्षात आलं. म्हणून आकारच वेगळे केले: कोळशाचे गोल खडे, लोखंडाच्या आडव्या पट्ट्या, तांब्याच्या तिरक्या शिरा, सोन्याचा बारीक कण-कण, हिऱ्याला टोकं. २०२१ च्या १.१७ आवृत्तीत माइनक्राफ्टनेही आपल्या कितीतरी खनिजांचे आकार असेच वेगळे केले होते. कोळशाच्या प्रत्येक खड्याला वरच्या-डाव्या बाजूला एकच उजळ पिक्सेल दिला. कोळसा काळाच राहिला आणि दिसायला लागला. नंतर सगळी चित्रं रंग काढून नुसत्या काळ्या-पांढऱ्यात पाहिली. तिथेही ओळखू आली तीच ठेवली.

मातीचं तर फार छान झालं. मुलांना काळ्या रानाच्या भेगा हव्या होत्या, आणि त्या साध्या मातीवर काढल्या तर अख्ख्या डोंगरात जाळी उठत होती. खेळात शेताच्या मातीचे दोन प्रकार असतात, कोरडी आणि ओली. भेगा फक्त कोरड्या शेतावर दिल्या, ओलं शेत गुळगुळीत गडद. आता भेग दिसली की पाणी नाही हे लांबूनच कळतं. नुसती शोभा म्हणून काढायची गोष्ट खेळणाऱ्याच्या उपयोगाची झाली.

बाकीचं भराभर झालं. खेळात कापूस आहेच, शेवटच्या टप्प्यावर बोंड फुटलेलं काढलं. अकेशियाच्या झाडाची बाभूळ झाली. सफरचंदाच्या जागी सीताफळ आलं. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा हक्कच होता. गहू मात्र ज्वारी करायचा की नाही यावर बराच खल झाला. पॅकने चित्र बदलतं, नाव बदलत नाही. हातात कणीस आणि खाली लिहिलेलं गहू, याने लहान मुलं गोंधळतात. गहू गहूच ठेवला.

विटेच्या चित्रावरून शेवटचा पेच आला. एका मुलाने इंटरनेटवरच्या कुठल्याशा पॅकमधून देखणी वीट आणली होती. तिचा परवाना काय, कुणाची, काहीच पत्ता नव्हता. माइनटेस्ट गेमची मूळ चित्रं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली आहेत: श्रेय द्या, आणि बदल करून वाटायचं असेल तर त्याच परवान्यावर वाटा. त्यांवरून केलेल्या चित्रांचं श्रेय लिहून ठेवलं. ती वीट काढून टाकली आणि तेरच्या जुन्या विटांच्या देवळाचे फोटो समोर ठेवून नवी काढली, जरा चपटी, लांबट.

निकाल

प्रत्येक ब्लॉक आता परीक्षेच्या भिंतीतून जातो. वेगळ्या जगात दहा बाय दहाची भिंत बांधायची, ती जवळून, लांबून, दिवसा, रात्री मशालीच्या उजेडात पाहायची, आणि खोलीतल्या सगळ्यांत मळकट मॉनिटरवर पाहायची. चांगल्या पडद्यावर दोन गडद छटा वेगळ्या दिसतात, जुन्यावर त्यांचा एकच चिखल होतो. गवताचं चित्र इथे तीनदा नापास झालं: जवळून झकास, लांबून नुसतं चमचमतं. शेजारच्या पिक्सेलमधला फरक कमी केल्यावर ते शांत झालं. गवत पडद्याचा निम्मा भाग व्यापतं, त्यामुळे त्याने गप्प राहणंच बरं.

खेळ पुन्हा पूर्वीच्या वेगाने चालू लागला. सातवीतल्या मुलाला कोळसा सापडतो. बारव खाली पाण्यापाशी काळीभोर आणि वर माळावर राखाडी दिसते. मुलांचे पालक पाहायला आले तेव्हा एका आजीने पडद्यावरची गढी बघून थेट आपल्या माहेरच्या वाड्याच्या गोष्टी सुरू केल्या. कुठला दगड, कुठली माती हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

एक गोष्ट राहिली. माळवदाचं छत आतून नीट झालं नाही. तुळया एका दिशेने आणि त्यांवरची लाकडं आडव्या दिशेने, हे एकाच चित्रात बसवलं तर शेजारच्या ब्लॉकशी जुळत नाही. सध्या तिथे साध्या फळ्या आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला पॅक वाया गेला असं मी म्हणणार नाही. दगडफुलाचा डाग भिंतभर उमटलेला पाहिल्याशिवाय मुलांना पुढचं काही पटलं नसतं. पण तो पाच ब्लॉकचा असता तरी तेवढंच शिकता आलं असतं. दगड, माती, गवत, लाकूड आणि कोळसा एवढीच चित्रं करून लगेच खाणीत उतरायला हवं होतं. कोळशाचा घोटाळा तेव्हाच समोर आला असता आणि शेकडो फोटो कापायचे श्रम वाचले असते.

रंगांची यादीही सगळ्यांत आधी व्हायला हवी होती, कामं वाटण्याच्याही आधी. नंतर ती लावताना झालेली चित्रं पुन्हा करावी लागली, आणि ज्यांची चित्रं बदलली त्यांची समजूत घालण्यात सरांच्या बऱ्याच संध्याकाळी गेल्या.

दगडाचा निर्णय मात्र आधी घेता आला असता का, याबद्दल माझं मत सरांहून वेगळं आहे. सर म्हणतात, पहिल्याच दिवशी खनिजांचे दोन थर कसे जुळतात ते समजावलं असतं तर भांडण झालंच नसतं. मला वाटतं, मग कुणीतरी दगड मुकाट्याने फिकट केला असता आणि सकाळच्या उजेडात बारव बघायला कुणी गेलं नसतं.

आणि मोबाइल. गटातल्या निम्म्या मुलांच्या घरी संगणक नाही, फोनच आहे, आणि लुआंटी अँड्रॉइडवर चालतो. पॅक तिथे पाहिलाच गेला नव्हता. लहान पडद्यावर, बाहेरच्या उजेडात, घडीव दगडाच्या तीन गडद छटा एकच होतात आणि पायरीची कड दिसत नाही. बारवेत उतरताना मुलं थेट पाण्यात पडतात. परीक्षेच्या भिंतीच्या यादीत आता फोन आला आहे, आणि पायरीच्या वरच्या कडेला एक उजळ रेघ देऊन पाहायचं काम मुलीने हातात घेतलं आहे.